इनटेक होज स्वतः बनवणे : माप, मॅफ, क्लिपा आणि न दिसणारी गळती

तेरा_नंबर_पाना (धागाकर्ता)

मूळ होज तडकलाय आणि पार्ट बंद झालाय, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) हलवायचाय, किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंय. एवढ्या तीन कारणांसाठी इनटेक होज (फिल्टरपासून इंजिनपर्यंत हवा नेणारी नळी) बनवायला बसणं पटण्यासारखं आहे. 'पॉवर वाढेल' हे चौथं कारण बहुतेक वेळा फुसकं निघतं. का, ते आधी आकड्यांत बघू. धागा मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला धरून लिहितोय. टर्बोवाल्यांनी प्रतिसादांत भर घालावी.

१.५ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत १.५ लिटर हवा ओढतं. ६००० आरपीएमला हे झाले मिनिटाला ४५०० लिटर, सेकंदाला ७५. सिलेंडर काठोकाठ भरत नाहीत, म्हणून ९० टक्के धरू, म्हणजे ६७ लिटर. एवढी हवा ६३ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून सेकंदाला साधारण २२ मीटर वेगाने जाते, ७६ मिमीच्या पाइपातून १५ मीटरने. या वेगाचा दाब पहिल्यात २८० पास्कलच्या आसपास, दुसऱ्यात १३०. दोन-तीन बेंडांत (वळणांत) जे वाया जातं ते याच मापाचं. म्हणजे जाड पाइपाने वाचवले किती, तर दीडशे पास्कल. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर आहे. हा फरक ०.१५ टक्के झाला, तो ॲक्सिलरेटरवरच्या पायाला कळणार नाही. उलट आत जाणारी हवा १० अंशांनी तापली तर घनता तीन टक्क्यांहून जास्त घटते. तेव्हा पाइप किती जाड यापेक्षा हवा कुठून घेताय ते बघा. रेडिएटरच्या मागे तोंड उघडं ठेवलेला चकचकीत पाइप मूळ काळ्या प्लॅस्टिकपेक्षा वाईट असतो.

थ्रॉटल बॉडीचं (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) तोंड जेवढं, पाइप तेवढा. व्हर्नियर लावताना एक घोटाळा नेहमी होतो. सिलिकॉन होजचं माप आतल्या व्यासाचं असतं, धातूच्या पाइपाचं बाहेरच्या. ६३ चा होज ६३ च्या पाइपावर बसतो, पण भिंत २ मिमी असेल तर हवेला वाट ५९ चीच मिळते. होज पाइपापेक्षा १ मिमी लहान असेल तर ताणून बसतो. १ मिमीपेक्षा जास्त मोठा असेल तर क्लिप आवळल्यावर होजला चुणी पडते, आणि त्या चुणीतून हवा जाते.

साचा तारेचा करा. ३-४ मिमी जाडीची जीआय तार पाइपाच्या मध्यरेषेने वाकवत न्यायची आणि पाइपाच्या व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या तिच्यात दर ५ सेंमीवर ओवायच्या. बॉनेट हळूच लावून बघायचं. बॉनेटच्या आतल्या फासळीला कुठली चकती लागते ते तेव्हाच कळतं. मोकळी जागा स्थिर भागांपासून १० ते १५ मिमी, इंजिनसोबत हलणाऱ्या भागांपासून किमान २५, एक्झॉस्टपासून ५० च्या वर आणि मध्ये पत्र्याची आड. आडवं बसवलेलं इंजिन गिअर टाकताना आणि पाय सोडताना पुढे-मागे चांगलं डोलतं. एअरबॉक्स बॉडीला, थ्रॉटल इंजिनला. या दोहोंमध्ये कुठेतरी फुगीर कपलर (दोन पाइप जोडणारा लवचिक तुकडा) किंवा घडीचा तुकडा हवाच. सगळा मार्ग ताठ धातूचा केला तर तो आपला राग थ्रॉटल बॉडीच्या प्लॅस्टिक तोंडावर काढतो.

बेंडची मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या दीडपट मिळाली तर उत्तम, एकपटीच्या खाली नको. व्यास बदलायचा असेल तर लांबट रिड्यूसर घ्या, पायरीसारखा आखूड नको.

ॲल्युमिनियमचा पाइप १.६ ते २ मिमी भिंतीचा. कापायची रेष सरळ यावी म्हणून सरळ कडेची कागदी पट्टी पाइपाभोवती गुंडाळून कडेला कड जुळवा आणि तिच्या धारेने मार्करने ओढा. हॅकसॉने कापल्यावर आतली बर (कापताना राहिलेली धारदार कड) कानशीने काढलीच पाहिजे. ती तशीच राहिली तर कधी तरी सुटते आणि पुढे इंजिनच आहे. टोकाला बीड हवा, म्हणजे सगळीकडून सारखा दीड-दोन मिमी उंचवटा. तो पाडायचं अवजार नसेल तर वेल्डरकडून गोल मणी ओढून घेऊन कानशीने मऊ करा.

सांध्यात होज पाइपावर २५ ते ४० मिमी चढला पाहिजे. क्लिप बीडच्या मागे बसवायची, बीडवर नाही. होजच्या टोकापासून ५ मिमी आत. चढवताना साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस लावलं तर होज चढतो झटक्यात, आणि निसटतोही तसाच.

जुळणीआधी प्रत्येक सांध्यावर मार्करने पाइप आणि होज दोघांवरून जाणारी एक आडवी रेघ मारून ठेवा. काढून परत बसवताना किती फिरवायचं हा प्रश्न उरत नाही.


हवाबाण

उत्तम धागा. मॅफवर मात्र हात आखडता घेतलात, म्हणून भर.

गरम तारेचा मॅफ सगळी हवा मोजत नाही. त्याच्या छोट्या खिडकीतून जी हवा जाते तिचा वेग तो बघतो, आणि 'नळी अमुक व्यासाची आहे' असं ईसीयू (इंजिनचा संगणक) गृहीत धरतो. मूळ मॅफची नळी आतून ६४ मिमी आणि तुम्ही सेन्सर ७० च्या पाइपात बसवला, तर क्षेत्रफळ जवळपास २० टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता हळू जाते, सेन्सर सुमारे १६ टक्के कमी सांगतो, पेट्रोल तेवढंच कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर भरपाई करत राहतो, ट्रिम (पेट्रोलच्या भरपाईची टक्केवारी) +२० च्या घरात जाऊन बसतं आणि मग एके दिवशी पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असल्याचा फॉल्ट कोड. फुल थ्रॉटलला तर बऱ्याच गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरची भरपाई थांबते, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या क्षणी मिश्रण लीन.

म्हणून ट्यूनिंग करणार नसाल तर मॅफची मूळ नळी जशीच्या तशी वापरा. तिच्या दोन्ही बाजूंना होज लावा, नळीला हात लावू नका. तोंडाशी जाळी किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखा तुकडा असतो तो 'अडथळा' म्हणून काढून टाकणारे आहेत. तो हवा सरळ करायला असतो. काढला की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आकडा नाचतो.

बेंड संपला की लगेच मॅफ, असं करू नका. वळणाच्या बाहेरच्या अंगाला हवा जोरात असते, आतल्या अंगाला सुस्त. सेन्सरची खिडकी कुठल्या अंगाला आली त्यावर आकडा ठरतो, आणि आरपीएमप्रमाणे तो बदलतो. मॅफच्या आधी निदान १०० ते १५० मिमी सरळ तुकडा ठेवा, नंतर ५० तरी. बाणाची दिशा फिल्टरकडून इंजिनकडे. हसू नका, उलटा बसवतात लोक.

सेन्सर बाहेर काढला तर खिडकीतून आत उजेडात बघा. केसासारख्या तारा किंवा एक छोटी पातळ पट्टी दिसेल. स्वच्छ असेल तर चमकते, तेलकट फिल्टरचा पुसट पिवळा थर असेल तर धूळ चिकटून लोकर आल्यासारखी दिसते. मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, कापूस-ब्रश काही नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर लावू नका.


नवखा_चाक

दोन प्रश्न. माझ्या गाडीत मॅफ नाही, मॅप सेन्सर आहे. मग व्यासाची ही भानगड मला लागू नाही ना? आणि पाण्याचा पीव्हीसी पाइप चालेल का? बेंड तयार मिळतात म्हणून विचारतो.


हवाबाण

@नवखा_चाक, मॅप असेल तर ईसीयू मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतर सिलेंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवा काढतो. थ्रॉटलच्या आधीचा व्यास बदलला तरी हिशोब बिघडत नाही. थ्रॉटलच्या आधीच्या छोट्या गळतीनेही मिश्रण बिघडत नाही, फक्त न गाळलेली धूळ आत जाते. ती जास्त महाग पडते, कारण दिवा लागत नाही आणि पिस्टनच्या रिंगा गुपचूप झिजतात. थ्रॉटलच्या पुढे गळती असेल तर आयडल चढलेलं राहतं.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे आहे ते बघा. तो जुन्या होजमध्ये ग्रोमेटवर (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यावर) बसवलेला असेल तर नव्यातही त्याला जागा करावी लागेल. लोंबकळत सोडला तर तो बॉनेटखालची गरम हवा मोजतो आणि ईसीयू त्याप्रमाणे इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे ओढतो. कनेक्टर काढूनच ठेवला तर पी०११३ हा कोड.


तेरा_नंबर_पाना

पीव्हीसी साच्यासाठी वापरा, जरूर. कायमचा नको. ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली एक्झॉस्टजवळ तेवढं व्हायला वेळ लागत नाही. मऊ पडला की क्लिपेखाली दबतो, गार झाल्यावर दबलेलाच राहतो, आणि घट्ट दिसणारी क्लिप प्रत्यक्षात सैल असते. थ्रीडी प्रिंटवाल्यांनाही हेच. पीएलए ६० अंशांना मान टाकतो. एबीएस किंवा एएसए १०० च्या आसपासपर्यंत टिकतात, नायलॉन त्याहून बरा.


निळा_धूर

टर्बोवाल्यांसाठी.

तुमच्याकडे दोन वेगळे मार्ग आहेत, दोघांची दुखणी उलटी. फिल्टर ते टर्बो हा ओढणारा भाग, टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) ते थ्रॉटल हा ढकलणारा.

ओढणाऱ्या भागात होज फुटत नाही, आत चिंबतो. आयडलला बघाल तर ठणठणीत, फुल थ्रॉटलला मधोमध चपटा होतो आणि गाडी गुदमरते. इथे आत स्टीलच्या तारेचं वेटोळं असलेला होज किंवा धातूचा पाइप आणि आखूड कपलर. बेंडवर पातळ सिलिकॉन अजिबात नको. आणि या भागात एकही सुटी वस्तू राहू देऊ नका. कॉम्प्रेसरचं चाक लाखभर आरपीएमने फिरतं, ॲल्युमिनियमचा एक किस त्याची धार खायला पुरतो. भोक पाडणं, आटे पाडणं, सगळं पाइप गाडीतून काढून. नंतर साबणाच्या पाण्याने धुवून पांढरं फडकं आतून ओढा. फडकं स्वच्छ येईपर्यंत ओढा.

ढकलणाऱ्या भागात चार पदरी सिलिकॉन, ४ ते ५ मिमी भिंतीचा, बीड सक्तीचा. टी-बोल्ट क्लॅम्प (नट-बोल्टने आवळायची जाड पट्टी) इथेच शोभतात.

सिलिकॉनबद्दल एक गैरसमज आहे की ते सगळं सहन करतं. उष्णता सहन करतं, तेल नाही. क्रँककेसच्या वाफेतलं तेल साध्या सिलिकॉनमधून हळूहळू पाझरतं, होज बाहेरून घामेजल्यासारखा दिसतो आणि क्लिपेपाशी लिबलिबीत होतो. ब्रीदर (ही वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी) जिथे येऊन मिळतो तिथून पुढे आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला होज घ्या, किंवा मूळ रबराचा तुकडा ठेवा. ईपीडीएम रबर पाण्याच्या होजसाठी चांगलं, तेलाला तेही भितं.

मॅफवाल्या गाडीत रीसर्क्युलेटिंग ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (पाय सोडल्यावर जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची) हवा मॅफ आणि टर्बोच्या मध्येच परत आली पाहिजे. बाहेर सोडली तर मोजलेली हवा निसटते, पेट्रोल मात्र पडतं, आणि गिअर बदलताना काळा धूर.


ढिला_नट

क्लिपांवर कुणीच नीट बोललं नाही, आणि अर्धी गळती तिथेच असते.

पट्टीत आरपार खाचा असलेली साधी स्क्रूची क्लिप सिलिकॉनवर लावू नका. आवळली की सिलिकॉन त्या खाचांतून वर येतं, किसणीवर दाबल्यासारखं. काही दिवसांनी काढून बघा, होजवर एका ओळीत कापलेले डाग असतात. आतून सपाट पट्टी असलेली किंवा अस्तराची क्लिप घ्या. टॉर्क ३ ते ४ न्यूटन मीटर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने मनगटाच्या जोरावर. रॅचेट लावलात की गेली.

टी-बोल्ट 'भारी' म्हणून टर्बो नसलेल्या गाडीत लावणाऱ्यांना एवढंच सांगतो की थ्रॉटल बॉडीचं तोंड प्लॅस्टिकचं असेल तर ते आधी फुटेल, क्लॅम्प नाही. टी-बोल्टला मापाची रेंजही फार थोडी असते. होजच्या बाहेरच्या व्यासावर माप घ्या, आतल्या नाही. ६३ चा होज, ५ ची भिंत, म्हणजे क्लॅम्प ७३ वर बसणार. ६३ चा मागवला की परत पाठवावा लागतो.

तापून-गार होऊन सिलिकॉन बसतं, म्हणून तीन-चार वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा बघा. स्प्रिंगची क्लिप हे आपणहून करते. मूळ गाडीत त्या असतात त्या स्वस्तात उरकायला नाही.


वाऱ्यावरची_वरात

कोन फिल्टरवर (शंकूच्या आकाराच्या उघड्या फिल्टरवर) सगळे गप्प का? मूळ डबा काढून कोन लावला की प्रतिसाद सुधारतो, हे नाकारता येणार नाही.


तेरा_नंबर_पाना

आवाज सुधारतो. मूळ डब्यातले ते निरुपयोगी दिसणारे पोकळ कप्पे रेझोनेटर असतात, ठराविक आवाज गिळण्यासाठी. ते काढले की इंजिन घशातून बोलतं आणि गाडी धावतेय असं वाटतं. कोन लावायचाच असेल तर त्याला रेडिएटरच्या हवेपासून आड करणारा पत्रा लावा, वर बॉनेटला टेकणारी रबरी पट्टी, आणि हेडलाइटच्या मागून थंड हवेची वाट. हे सगळं केलं की जे तयार होतं त्याला डबा म्हणतात.


वाऱ्यावरची_वरात

हा हा, मान्य. पण मडगार्डच्या आत खाली नेला तर हवा सगळ्यात थंड मिळते ना?


निळा_धूर

मिळते, आणि पाणीही मिळतं. साचलेल्या पाण्यात बंपरसमोर लाट उठते, ती रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा बरीच उंच असते. फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ तोंड ज्या उंचीवर होतं त्याच्या खाली जाऊ नका. ब्लॉक बदलण्यापेक्षा पाच अंश गरम हवा परवडली.


ढिला_नट

आणि ब्रीदर. नव्या पाइपाला ब्रीदरचा फाटा करायचा विसरतात, मग व्हॉल्व्ह कव्हरच्या नळीवर छोटासा फिल्टर खोचून मोकळे होतात. मॅफवाल्या गाडीत ही सरळसरळ न मोजलेली हवा आहे: त्या नळीतून क्रँककेसमध्ये जाते, पीसीव्हीतून (क्रँककेसची वाफ बाहेर काढणाऱ्या झडपेतून) मॅनिफोल्डमध्ये पोचते. फाटा मॅफ आणि थ्रॉटलच्या मध्येच हवा, जुन्या नळीच्याच आतल्या व्यासाचा. धातूचा स्पिगॉट (नळी चढवायचं तोंड) वेल्ड करून घेतलात तर उत्तम. ग्रोमेटमध्ये दाबून बसवणार असाल तर ग्रोमेट भिंतीच्या जाडीला जुळणारा घ्या. १.६ मिमीच्या पत्र्यात ३ मिमी खाचेचा ग्रोमेट टाकला तर तो बसल्यासारखा दिसतो आणि आयडलला शिट्टी मारतो.


हवाबाण

गळती शोधायची पद्धत.

मॅफच्या आधी, फिल्टरच्या जागी टोपी बसवा. पाइपाच्या व्यासाचं प्लॅस्टिकचं बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, एवढंच. इंजिन बंद, थ्रॉटल बंद, ब्रीदरचा फाटा बुचाने बंद. सायकलच्या पंपाने ०.१ बार भरा, जास्त नको. ब्रीदर बंद न करता दाब दिलात तर तो क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील ढकलेल. टर्बोवाल्यांनी टोपी टर्बोच्या तोंडाशी लावून बूस्टइतका (टर्बो देतो तेवढा) दाब द्यावा, पण हळूहळू वाढवत, आणि निसटणाऱ्या टोपीच्या समोर उभं न राहता.

दाब टिकणार नाही, थ्रॉटलच्या पात्याच्या कडेने हवा जातेच. टिकवणं हा हेतू नाही. ब्रशने सांध्यांना साबणाचा फेस लावा, कनेक्टर टाळून. मोठी गळती बुडबुडे उडवते. छोटी गळती फेसाचा एक पांढरा, अगदी बारीक, हळूहळू वाढणारा झुबका करते. तोच शोधायचा असतो, मिनिटभर थांबून. होजच्या खालच्या अंगाला आरसा धरा, क्लिपेचा स्क्रू जिथे असतो तिथे पट्टीखाली होज नीट दबत नाही.

चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायचा जुना प्रकार करू नका. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.


नवखा_चाक

मित्राची मॅफवाली गाडी, पाइप बसवून झाला. मॅफची नळी मूळचीच आहे. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम आयडलला +१४, २५०० आरपीएमला +३. फेसाने काही सापडलं नाही. मॅफ बदलायचा का?


हवाबाण

मॅफला हात लावू नका. आकडेच सांगतायत. गळतीचं भोक तेवढंच राहतं, आयडलला एकूण हवा थोडी म्हणून तिचा वाटा मोठा, आरपीएम चढला की नगण्य. आयडलला जास्त आणि वर कमी म्हणजे गळती. मॅफच कमी सांगत असता तर दोन्हीकडे सारखं दिसलं असतं, किंवा लोडवर आणखी चढलं असतं. ±५ च्या आत सगळं ठीक समजा, ±१० च्या वर शोधाशोध करा.

फेसाने सापडलं नाही कारण चाचणीत थ्रॉटल बंद होता आणि ब्रीदरला बूच होतं. म्हणजे त्या दोन्हींच्या पलीकडचं तपासलंच गेलं नाही. पाइप बसवताना ब्रीदरची जुनी नळी ओढून काढली असेल, ती व्हॉल्व्ह कव्हरच्या टोकाशी कडक होऊन तडकते, खालच्या बाजूने. बोटाने चाचपडा, डोळ्याला दिसत नाही. ती ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीचं गास्केट आणि मॅनिफोल्डवरच्या बारीक व्हॅक्यूम नळ्या.


नवखा_चाक

ब्रीदरचीच नळी निघाली, वाकात खालून चीर. बदलली. आयडल +४, २५०० ला +२.


ढिला_नट

ट्रिम जुनं शिकलेलं असतं, स्कॅनरने ॲडॅप्टेशन रीसेट केलं नसेल तर दोन-तीन दिवस चालवून पुन्हा बघा, अजून उतरेल. आणि त्याच वेळी बॉनेट उघडाच म्हणून सांगतो, क्लिपा.